पाण्याबरोबर येणारे मीठ

पुणे जिल्ह्याच्या नकाशात आग्नेय बाजूला बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके शेजारी शेजारी दिसतात. दक्षिणेच्या अंगाने नीरा नदी वाहते, दुसऱ्या अंगाने भीमा. इंदापूर तालुक्याच्या टोकाला नीरा-नरसिंहपूर येथे या दोन नद्यांचा संगम होतो. दोन नद्यांच्या मधला हा प्रदेश असला, तरी तो पर्जन्यछायेतला. वर्षाकाठी सरासरी ५०० ते ६०० मि.मी. पाऊस, तोही बेभरवशाचा. मात्र नीरा डावा कालवा, उजनीचे फुगवट्याचे पाणी, विहिरी आणि विंधनविहिरी यांच्या आधारावर येथे ऊस, द्राक्ष, डाळिंब यांच्या जोडीला भाजीपाला मोठ्या प्रमाणावर पिकतो. टोमॅटो, वांगी, मिरची, ढोबळी मिरची, कांदा, कलिंगड, खरबूज असा माल येथून पुण्या-मुंबईच्या बाजारात जातो.

या भागातील भाजीपाला उत्पादकांकडून आम्हां संशोधकांना वारंवार विचारला जाणारा एक प्रश्न असा : "पाणी वेळेवर देतो, खत देतो, फवारणीही चुकवत नाही. तरी रोपे खुरटी राहतात. माती ओली असताना दुपारी पाने माना टाकतात. असे का?" अशा रानात उन्हाळ्यात फेरफटका मारला, तर वाफ्यांच्या कडेला मातीवर पांढरट थर दिसतो. प्रश्नाचे उत्तर बऱ्याचदा त्या थरात असते. हा थर क्षारांचा, सोप्या भाषेत मिठाचा आहे. तो कोठून आला, रोपाला काय करतो, आणि त्यावर कृषी विद्यापीठे व संशोधन संस्था कोणते उपाय शेतकऱ्यापर्यंत नेत आहेत, ते या लेखात पाहू.

मीठ आले कोठून?

दख्खनच्या पठाराचा काळा खडक म्हणजे बेसाल्ट. ऊन, पाऊस, हवा यांच्या माऱ्याने तो झिजतो आणि त्यातून काळी माती बनते. या झिजेत सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांचे विद्राव्य क्षारही सुटे होतात. कोकणासारख्या भरपूर पावसाच्या प्रदेशात ते वाहून समुद्राला मिळतात. जेथे पाऊस थोडा आणि बाष्पीभवन त्याहून कितीतरी अधिक, तेथे ते जमिनीत आणि भूजलात मागे राहतात.

त्यात भर पडते ती सिंचनाच्या पाण्याने. कोणतेही नैसर्गिक पाणी पूर्णपणे शुद्ध नसते. पाण्यात किती क्षार विरघळले आहेत हे त्याच्या विद्युतवाहकतेवरून कळते. क्षार जास्त, तर वीज वाहण्याची क्षमता जास्त. शेतकरी आणि प्रयोगशाळा या मापाला 'ईसी' म्हणतात आणि ते डेसीसायमन प्रति मीटर या एककात मोजतात. १ डेसीसायमन वाहकता असलेल्या एक लिटर पाण्यात ढोबळमानाने ६४० मि.ग्रॅ. क्षार असतात. असे पाणी जिभेला फारसे खारट लागत नाही. शेतीलाही ते बरे मानले जाते.

आता थोडे गणित करू. चार महिन्यांच्या भाजीपाला पिकाला समजा एकूण ५०० मि.मी. पाणी दिले. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. त्यावर अर्धा मीटर उंचीचे पाणी म्हणजे सुमारे २,०२० घनमीटर, अर्थात वीस लाख लिटरांहून थोडे अधिक. प्रत्येक लिटरामागे ६४० मि.ग्रॅ. या हिशेबाने सुमारे १,३०० कि.ग्रॅ. क्षार त्या एका एकरात आले. ५० किलोची २६ पोती! पाणी बाष्पीभवनाने आणि पानांवाटे हवेत निघून जाते, पीक क्षारांचा थोडाच भाग उचलते. उरलेले सारे मातीत राहते. चांगल्या पावसाळ्यात, निचरा चांगला असेल, तर यातले बरेच खाली धुऊन जाते. निचरा नसेल तर पुढच्या हंगामाची पोती याच पोत्यांवर रचली जातात.

गंमत म्हणजे यातला प्रत्येक क्षार सारख्याच वेगाने साचत नाही. माती सुकताना पाण्यातला कॅल्शियमचा बराच भाग चुनखडीच्या रूपात बाहेर पडतो आणि निरुपद्रवी होतो. सोडियम मात्र विरघळलेलाच राहतो. त्यामुळे मातीतील ओलाव्यात सोडियमचे प्रमाण हळूहळू वाढत जाते. या गोष्टीकडे आपण पुन्हा येऊ.

शंभर वर्षांपूर्वीचा इशारा

ही समस्या नवी नाही. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला. दुष्काळाने पिचलेल्या भागाला त्याने पाणी दिले आणि ऊसशेतीला चालना मिळाली. पण पाटाने मोकाट पाणी देण्याची पद्धत, भारी काळी जमीन आणि निचऱ्याचा अभाव यांमुळे काही दशकांतच सखल भागातील भूजल वर आले व जमिनी पाणथळ आणि खारवट होऊ लागल्या. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील या खारवट जमिनींचा अभ्यास केला. तो १९१० मध्ये मुंबई इलाख्याच्या कृषी खात्याने पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केला. पुढे अभियंते सी. सी. इंग्लिस यांनी दख्खनच्या कालव्यांखाली पाणथळ झालेल्या जमिनी आणि त्यांचा निचरा या विषयावर काम केले. १९३२ मध्ये नीरेच्याच खोऱ्यात पाडेगाव येथे ऊस संशोधन केंद्र सुरू झाले.

म्हणजे खारवटपणाचे कारण आणि त्यावरचा मुख्य उपाय, म्हणजे निचरा, हे शंभर वर्षांपूर्वीही ठाऊक होते. मग प्रश्न सुटला का नाही? कारण ज्ञान छापले जाणे ही एक गोष्ट आणि ते प्रत्येकाच्या बांधावर पोहोचणे ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीसाठी वेगळी यंत्रणा लागते. ती पुढे पाहू. त्याआधी मिठाने रोपाचे नेमके काय होते ते समजून घेऊ.

ओल्या मातीत तहानलेले रोप

दोन वाट्या घ्या. एकीत साधे पाणी, दुसरीत दोन चमचे मीठ घातलेले पाणी. दोन्हींत बटाट्याच्या सारख्या जाडीच्या चकत्या टाका. तासाभराने चकत्या वाकवून पाहा. साध्या पाण्यातली चकती कडक असेल, मिठाच्या पाण्यातली लुळी पडलेली असेल. बटाट्याच्या पेशींतून पाणी मिठाच्या द्रावणाकडे गेले. यालाच आपण परासरण म्हणतो.

मुळाच्या बाबतीत हेच घडते. मातीतील द्रावण पातळ असते तेव्हा पाणी सहज मुळात शिरते. मातीत क्षार वाढले की मुळाला तेच पाणी अधिक जोर लावून ओढावे लागते. मातीला ओल असूनही रोप तहानलेले राहते. दुपारी पानांतून पाणी झपाट्याने उडते, मुळाकडून पुरवठा अपुरा पडतो आणि पाने माना टाकतात. शेतकरी आणखी पाणी देतो. त्या पाण्याबरोबर आणखी मीठ येते!

दुसरा परिणाम विषारीपणाचा. सोडियम आणि क्लोराइड पानांत साचले की जुन्या पानांच्या कडा करपतात. तिसरा परिणाम उपासमारीचा. सोडियम जास्त असेल तर पोटॅश आणि कॅल्शियम घेण्यात मुळाला अडथळा येतो.

सर्व भाज्या सारख्या सोशीक नसतात. अमेरिकेतील मास आणि हॉफमन या शास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये अनेक पिकांच्या प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र मांडले. त्यांना असे दिसले, की मातीतील क्षार एका मर्यादेपर्यंत वाढले तरी उत्पादन घटत नाही. ती मर्यादा ओलांडली की पुढच्या प्रत्येक डेसीसायमनमागे उत्पादन ठरावीक टक्क्यांनी उतरते. काही आकडे असे :

टोमॅटो : मर्यादा २.५, पुढे दर डेसीसायमनला ९.९ टक्के घट
काकडी : मर्यादा २.५, घट १३ टक्के
कोबी : मर्यादा १.८, घट ९.७ टक्के
मिरची : मर्यादा १.५, घट १४ टक्के
कांदा : मर्यादा १.२, घट १६ टक्के
घेवडा : मर्यादा १.०, घट १९ टक्के
बीट : मर्यादा ४.०, घट ९ टक्के

यावरून वर्गात एक छान उदाहरण सोडवता येईल. जमिनीची वाहकता ४ असेल तर टोमॅटोचे उत्पादन किती राहील? ४ उणे २.५ म्हणजे १.५. त्याला ९.९ ने गुणले की सुमारे १५ टक्के घट. मिरचीत २.५ गुणिले १४, म्हणजे ३५ टक्के घट. कांद्यात सुमारे ४५ टक्के आणि घेवड्यात ५७ टक्के. एकाच रानात एक शेतकरी टोमॅटोत तरेल आणि कांद्यात बुडेल.

टोमॅटोच्या १५ टक्के घटीकडे जरा लक्ष द्या. ही घट डोळ्यांना दिसत नाही. पाने करपत नाहीत, झाडे मरत नाहीत. प्लॉट थोडा 'कमी जोमाचा' वाटतो इतकेच. शेतकरी बियाण्याला दोष देतो किंवा खताची मात्रा वाढवतो. रासायनिक खते हीसुद्धा क्षारच आहेत, तेव्हा रोगापेक्षा औषधानेच दुखणे वाढते. खर्च वाढतो, उत्पादन घटते, आणि भाजीच्या बाजारात भाव तर हाती नसतोच. म्हणून माती व पाणी तपासल्याशिवाय उपाय करू नयेत, असा आमचा आग्रह असतो.

येथे एक सूचना करायला हवी. वर दिलेले आकडे माती पाण्याने संपृक्त करून काढलेल्या अर्काचे आहेत. आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी असे मिश्रण करून वाहकता मोजतात. या पद्धतीत द्रावण पातळ होत असल्याने आकडा बराच कमी येतो. म्हणून अहवालातील १ हा आकडा पाहून 'आपली जमीन अगदी सुरक्षित' असे म्हणता येत नाही. आकडा कोणत्या पद्धतीचा आहे, हे आधी विचारले पाहिजे.

खारवट आणि चोपण : दोन वेगळी दुखणी

शेतकऱ्यांच्या बोलीत दोन शब्द आहेत, खारवट आणि चोपण. विज्ञानानेही हा भेद मान्य केला आहे. खारवट जमिनीत विद्राव्य क्षार जास्त असतात, पण मातीची रचना शाबूत असते. भरपूर पाणी देऊन ते क्षार खाली धुता येतात. पाण्याला वाट मात्र हवी.

चोपण जमिनीत क्षारांच्या एकूण प्रमाणापेक्षा सोडियमचा वरचष्मा असतो. चिकणमातीच्या कणांवर ऋणभार असतो आणि त्यांना धनभारित आयन चिकटलेले असतात. कॅल्शियमचे आयन दोन धनभारांचे असल्याने कणांना जवळ धरून ठेवतात. मातीचे दाणे बनतात, मधून हवा-पाणी खेळते. पूर्वी सांगितल्याप्रमाणे पाण्यातला कॅल्शियम चुनखडी बनून निघून गेला आणि सोडियम उरला, की सोडियम ही जागा बळकावतो. चिकटलेल्या आयनांत सोडियमचा वाटा १५ टक्क्यांहून जास्त झाला आणि सामू ८.५ च्या पुढे गेला, की ती जमीन चोपण समजतात. अशा मातीचे कण एकमेकांपासून सुटतात, छिद्रे बुजतात. ओली असताना चिकट, वाळली की दगड! पाणी वर साचून राहते आणि वाफसा लवकर येत नाही. या जमिनीला नुसते पाणी देऊन धुता येत नाही, कारण पाणी खाली उतरतच नाही.

येथे जिप्सम उपयोगी पडते. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्यातला कॅल्शियम कणावरील सोडियमची जागा घेतो. सुटलेला सोडियम सल्फेटबरोबर विद्राव्य क्षार बनतो आणि पाण्याबरोबर निचरून जातो. आपल्या अनेक काळ्या जमिनींत चुनखडी आधीच असते, पण ती विरघळत नाही. तेथे गंधक वापरता येते. मातीतील जिवाणू गंधकापासून गंधकाम्ल तयार करतात, ते चुनखडी विरघळवते आणि जमिनीतलाच कॅल्शियम कामाला लागतो. ताग किंवा धैंचा गाडल्याने, शेणखत व कंपोस्टने जिवाणूंना खाद्य मिळते आणि रचना सुधारते. मात्र खारवट जमिनीत जिप्सम टाकणे म्हणजे पैसा वाया घालवणे. दुखणे कोणते हे ओळखून औषध द्यायला हवे.

मीठ नाहीसे होत नाही, हलवता येते

मीठ जाळता येत नाही, कुजवता येत नाही. ते फक्त एका ठिकाणाहून दुसरीकडे नेता येते. भाजीपाला पिकांतील आधुनिक पद्धतींकडे या दृष्टीने पाहिले, तर त्यांचा अर्थ चांगला उलगडतो.

ठिबक सिंचनात तोटीखाली ओलाव्याचा कांद्याच्या आकाराचा एक गोळा तयार होतो. पाणी मध्यातून बाहेर सरकताना क्षारांनाही कडेला ढकलते. मुळे मध्यभागी, मीठ कडेला! पाणी थोडे व वारंवार दिल्याने मधल्या भागातील द्रावण पातळ राहते. पाणी कमी लागत असल्याने मुळात मीठही कमी येते. वरच्या उदाहरणात ५०० ऐवजी ३०० मि.मी. पाण्यात पीक निघाले, तर २६ पोत्यांऐवजी सुमारे १६ पोतीच येतील. गादीवाफ्यामुळे मुळांखाली निचरा मिळतो, आणि वर अंथरलेला मल्चिंग पेपर बाष्पीभवन रोखतो. त्यामुळे केशाकर्षणाने खालून वर चढणारे मीठ कमी होते.

पण कडेला ढकललेले मीठ तेथेच बसून असते. वळवाची हलकी सर आली, की ते विरघळून थेट मुळांवर उतरते. म्हणून खाऱ्या रानात पहिल्या हलक्या पावसात ठिबक बंद न करता चालू ठेवावे, असा सल्ला दिला जातो. पाऊस पडत असताना पाणी सोडणारा माणूस वेडा वाटेल, पण त्याचे विज्ञान पक्के आहे.

दीर्घकाळाचा उपाय म्हणजे पिकाच्या गरजेहून थोडे जादा पाणी देऊन क्षार मुळांखाली धुणे. किती जादा? त्याचे एक सूत्र आहे : पाण्याची वाहकता भागिले (मातीच्या मर्यादेची पाचपट उणे पाण्याची वाहकता). पाणी १ डेसीसायमनचे असेल, तर टोमॅटोसाठी हे उत्तर सुमारे ९ टक्के येते, कांद्यासाठी २० टक्के. हे जादा पाणी जाणार कोठे, हा मात्र खरा प्रश्न आहे. चर किंवा जमिनीखालून सच्छिद्र नळ्या घालून त्याला वाट दिली नाही, तर ते सखल भागातील शेजाऱ्याच्या रानात उगवते.

मूळ बदलले तर?

जमीन बदलणे अवघड असेल तर रोपाचे मूळ बदलता येईल का? आंब्याचे कलम आपल्याला माहीत आहे. भाज्यांचेही कलम होते. जपानमध्ये १९२० च्या दशकात जमिनीतील मर रोगापासून कलिंगड वाचवण्यासाठी ते भोपळ्याच्या खुंटावर बांधण्यात आले. आज जपान आणि कोरियात कलिंगड व काकडीची बहुतांश लागवड कलमी रोपांचीच असते. तैवान येथील जागतिक भाजीपाला केंद्राने पाणी साचणाऱ्या आणि जिवाणूजन्य मर रोगाच्या जमिनीसाठी वांग्याच्या निवडक खुंटांवर टोमॅटोचे कलम करण्याची शिफारस केली. वांगे आणि टोमॅटो एकाच कुळातले असल्याने हे जमते.

पद्धत दिसायला सोपी आहे. ट्रेमध्ये कोकोपीटवर खुंटाची आणि मुख्य जातीची रोपे वाढवतात. रानवांग्यासारख्या खुंटाचे बी उशिरा उगवते, म्हणून ते आधी पेरतात. दोन्हींची खोडे सारख्या जाडीची झाली की धारदार पात्याने तिरपा काप घेतात. खुंटाचे मूळ आणि मुख्य जातीचा शेंडा जुळवून छोट्या चिमट्याने धरतात. नंतर रोपे काही दिवस दमट, सावलीच्या कक्षात ठेवतात. कारण जलवाहिन्या जुळेपर्यंत शेंड्याला मुळाकडून पाणी मिळत नसते. आठवडा-दहा दिवसांत सांधा जुळतो, मग रोपांना हळूहळू बाहेरच्या हवेची सवय लावतात.

मीठ सोसण्यात मुळाचा वाटा मोठा आहे. काही भोपळावर्गीय खुंट सोडियम मुळातच अडवून धरतात आणि वर पानांकडे कमी जाऊ देतात. पण कलम म्हणजे जादू नव्हे. रोपाची किंमत साध्या रोपाच्या कित्येक पट असते. लागवड करताना सांधा मातीखाली गेला, तर वरच्या भागाला स्वतःची मुळे फुटतात आणि सारा खर्च फुकट जातो. खुंटाला फुटणारे धुमारे सतत काढावे लागतात. मर रोगासाठी निवडलेला खुंट मिठालाही दाद देणार नाही, असे गृहीत धरता येत नाही. कोणत्या रानात कोणता खुंट, हे तेथेच करून पाहावे लागते.

प्रयोगशाळा ते बांध

हे करून पाहण्याचे काम कोण करते? १९६८ मध्ये राहुरी येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. तेच आजचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ. नव्या जाती, खत-पाण्याच्या शिफारशी, रोगनियंत्रण यांवर पश्चिम महाराष्ट्रासाठी ते संशोधन करते. संशोधन आणि शेतकरी यांना जोडणारा दुवा म्हणून देशातील पहिले कृषी विज्ञान केंद्र १९७४ मध्ये पुदुच्चेरी येथे निघाले. बारामतीत अप्पासाहेब पवार यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या कृषी विकास ट्रस्टला असे केंद्र १९९२ मध्ये मिळाले. तेथे नेदरलँड्सच्या सहकार्याने भाजीपाला गुणवत्ता केंद्रही उभे राहिले आहे. रोपवाटिका आणि संरक्षित शेती हे त्याचे मुख्य विषय. २००९ मध्ये माळेगाव खुर्द येथे राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था स्थापन झाली. दुष्काळ, उष्णता, क्षार, पाणथळपणा अशा, रोग-किडींखेरीजच्या ताणांचा अभ्यास हेच तिचे काम. एका तालुक्यात इतके दुवे असणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. बारामतीच्या 'कृषिक' प्रदर्शनात शेतकरी पुस्तिका घेऊन परततात, पण त्याआधी उभ्या पिकांचे प्लॉट पाहतात. आम्हांला हे दुसरे जास्त महत्त्वाचे वाटते.

या कामाचा गाभा म्हणजे शेतकऱ्याच्या शेतावरील चाचणी. ती कशी असावी हे विद्यार्थ्यांनी समजून घेण्यासारखे आहे. समजा, एका शेतकऱ्याने रानाच्या वरच्या अंगाला कलमी वांगी आणि खालच्या अंगाला साधी वांगी लावली. कलमी वांग्यांचे उत्पादन जास्त आले. निष्कर्ष काय? काहीच नाही! मीठ उताराच्या खालच्या अंगाला साचते. फरक कलमाने पडला की जागेने, हे सांगता येणार नाही. म्हणून रानाचे पट्टे करून प्रत्येक पट्ट्यात दोन्ही प्रकारची रोपे लावायची, कोणते कोठे हे चिठ्ठी टाकून ठरवायचे, खत-पाणी सारखे ठेवायचे आणि तोडणी वेगवेगळी मोजायची. अशी चाचणी अनेक गावांतील अनेक शेतांवर करायची. शेवटी फक्त किलो मोजायचे नाहीत, तर रोपांचा वाढीव खर्च वजा जाता हाती काय उरले तेही मोजायचे. उत्पादन वाढले आणि नफा घटला, तर ते तंत्र त्या शेतकऱ्यासाठी अपयशीच होय.

या वाटेने माहिती उलटही वाहते. पांढऱ्या थरापेक्षा काळसर, तेलकट डाग पडलेली जमीन अधिक हट्टी असते, हे शेतकऱ्यांच्या अनुभवातले ज्ञान आहे. चोपण जमिनीत सेंद्रिय द्रव्य विरघळून पृष्ठभागावर येते, म्हणून ती काळी दिसते, असा त्याचा शास्त्रीय अर्थ. निरीक्षण शेतकऱ्याचे, स्पष्टीकरण प्रयोगशाळेचे. दोन्ही मिळून ज्ञान पुरे होते.

वर्गात करून पाहा

१. तळाला भोके पाडलेला प्लॅस्टिकचा पेला कोरड्या मातीने भरा आणि मिठाच्या पाण्याच्या ताटलीत उन्हात ठेवा. ताटलीत पाणी भरत राहा. काही दिवसांनी मातीच्या वर पांढरा थर येईल. खालचे मीठ वर कसे आले? दुसऱ्या पेल्यातील मातीवर प्लॅस्टिकचा कागद झाकून फरक पाहा.

२. तीन बाटल्यांत सारखी काळी माती व पाणी घ्या. एकीत काही घालू नका, दुसरीत चिमूटभर धुण्याचा सोडा, तिसरीत चिमूटभर जिप्सम घाला. नीट हलवून ठेवा. सोड्याची बाटली गढूळ राहील, जिप्समची लवकर निवळेल. कोणती बाटली चोपण जमिनीसारखी?

३. गावातील पाच विहिरींचे पाणी व त्यांच्याखालील मातीचे नमुने जवळच्या प्रयोगशाळेतून तपासून घ्या. मातीचा नमुना एकाच जागेचा नको. रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची माती एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका, असे अर्धा किलो उरेपर्यंत करा. बांधाजवळची व खत टाकलेल्या जागेची माती घेऊ नका. मिळालेले आकडे गावाच्या नकाशावर लिहा. उंच-सखलपणाशी त्यांचा संबंध दिसतो का?

हा तिसरा उपक्रम दरवर्षी त्याच महिन्यात करता आला, तर शाळेकडे असा तक्ता तयार होईल जो कोणत्याही विद्यापीठाकडे नसेल. मिठाचे साचणे सावकाश असते. एका हंगामात ते जाणवत नाही, दहा वर्षांच्या आकड्यांत स्पष्ट दिसते. शिवाय मीठ बांध ओळखत नाही. वरच्या रानाने सोडलेले पाणी खालच्या रानाला भोवते. निचऱ्याचा चर अनेकांच्या जमिनीतून न्यावा लागतो आणि त्यासाठी गावाने एकत्र बसावे लागते. गावाच्या त्या बैठकीत शाळेचा नकाशा भिंतीवर टांगलेला असेल, तर बोलणे कोणाच्या चुकीपासून सुरू न होता आकड्यांपासून सुरू होईल.